माघातली छाटणी

आम्ही पेशाने कारकून. गेली वीस-बावीस वर्षे सरकारी कचेरीत बिले, व्हाउचरे आणि आवक-जावक नोंदवह्या यांत गेली. कारकुनाच्या वर्षाला ऋतू दोनच असतात. एक मार्च एंडिंग आणि दुसरा उरलेला. फेब्रुवारी लागला की अनुदान खर्ची टाकण्याची घाई सुरू होते, कोषागारात बिले सादर करण्याची मुदत जवळ येते, आणि ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजता घरी पोचलेल्या माणसाला अंगणात काय फुलले आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो. नोकरीतून उरलेला वेळ सामाजिक कामाचा. वसाहतीतली अभ्यासिका, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, कोणाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या फेऱ्या. तेव्हा फुलझाडांवर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे आम्हांला ओळखणारे विचारतील. अधिकार काहीच नाही. हा लेख म्हणजे आमच्या एका चुकीचा जबाब आहे.

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. झुडपांचा वसंत मात्र त्याच्या दीड-दोन महिने आधीच सुरू होतो. आम्ही साताऱ्याला राहतो. सप्टेंबर महिन्यात कासच्या पठारावरची फुले पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून त्या पठाराचे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्याच वाटेवर फेब्रुवारीत करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात, भोवतालच्या डोंगरउतारांवर धायटी विटकरी लाल होते, तेव्हा तिकडे कोणी गाडी थांबवत नाही. गवत वाळलेले असते, डोंगर पिवळे पडलेले असतात. पठारावरची फुले जमिनीलगतच्या इवल्या रोपट्यांची. पाऊस सरला की तीही सरतात. माघ-फाल्गुनात फुलते ते झुडूप. पावसाळ्यात कमावलेले ते फांदीत जपून ठेवते आणि पाण्याचा टिपूस नसताना बाहेर काढते.

हे शहाणपण आम्हांला आईने दिले, पण ते घ्यायला आम्ही फार उशीर केला.

२००९ साली आम्ही कर्ज काढून शहराबाहेरच्या वसाहतीत एक गुंठ्यात घर बांधले. घराच्या पुढे पाच फूट आणि उजव्या बाजूला चार फूट रुंदीची पट्टी मोकळी राहिली. खाली सगळा मुरूम. आमचा विचार तिथे फरशी करून स्कूटर लावण्याचा होता. आई पाटण तालुक्यातल्या गावाहून घर बघायला आली. तिने चपला काढल्या, पट्टीवर उभी राहिली आणि म्हणाली, "हितं दोन ट्रॉली माती टाक. फरशीचं माझं मी बघती."

फरशी कधी झालीच नाही. आईने पहिल्याच पावसाळ्यात फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेकडेने अडुळशाच्या काड्या टोचल्या. अडुळशाला फार करावे लागत नाही. काडी लागते, शेरडे तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला चांगला. उजव्या कोपऱ्यात तिने गावाकडची करवंद लावली. आमच्या वावराच्या बांधावर उगवलेले धायटीचे एक रोप मुळाच्या मातीसकट फडक्यात बांधून एसटीने मांडीवर आणले. शेजारच्या काकूंकडून कुंदाची फांदी मिळवली. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली आणि तिला मुळ्या फुटल्यावर दुसरे रोप केले. मोगऱ्याची ती दोन रोपे तिने दाराच्या दोन बाजूंना लावली.

कुंद आणि मोगऱ्याचे तिला विशेष अप्रूप होते. गावात ही झाडे वाड्याच्या परसात असत. आमच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, त्यांचा वास घेतला तो कुंपणाबाहेर उभे राहूनच. त्यांच्या वाट्याला आली ती डोंगरावरची झुडपे. आई लहान असताना सरपणाला जाई तेव्हा माघ-फाल्गुनात धायटीची फुले वेचून आणी. ती वाळवून आठवड्याच्या बाजारात नेली की व्यापारी शेरावर घेई. फुले कशाला लागतात ते तिला कोणी सांगितले नव्हते. पुढे आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी वैद्यांनी दशमूलारिष्ट लिहून दिले, तेव्हा बाटलीवरच्या यादीत 'धातकी' हे नाव आम्ही वाचले आणि चौकशी केली. धातकी म्हणजेच धायटी. आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी धायटीची फुले घालतात. फुलांपासून लाल रंगही निघतो. आईला हे सांगितल्यावर ती हसून म्हणाली, "म्हंजी म्या येचलेली फुलं फिरून माझ्याच घरी आली."

अशी ती पाच प्रकारची झुडपे तेरा-चौदा वर्षांत वाढली, एकमेकांत शिरली. घर बांधताना मागितलेला नकाशा आणि आईची बाग यांचा काही संबंध राहिला नाही. फांद्या वाटेवर येत, आल्या-गेल्याच्या बाहीला करवंदीचा काटा लागे. आम्ही फायली सरळ रेषेत लावणारे. आम्हांला ते खटके. आमच्या आयुष्यमती म्हणत, "अहो, राहू द्या. त्यांचं त्यांना कळतं." आम्ही आईला किती तरी वेळा सांगितले, "आई, हे जरा नीट कापून घेऊ या." आईचे उत्तर ठरलेले: "कापू की. पर त्येच्या येळंला."

२०२३ च्या जानेवारीत वसाहतीतल्या अभ्यासिकेला नवी खोली मिळाली. उद्घाटन २६ जानेवारीला ठरले. बाहेरगावचे पाहुणे येणार होते आणि चहापाणी आमच्या घरी होते. त्या वर्षी प्रजासत्ताक दिन आणि वसंत पंचमी एकाच दिवशी आली होती, हे आम्ही नंतर दिनदर्शिकेत पाहिले. आई तेव्हा धाकट्या बहिणीकडे गेली होती. रविवारी, २२ तारखेला, आम्ही मोठी कातर घेऊन काम करणारा एक माणूस बोलावला आणि सगळे कुंपण दोन-अडीच फुटांवर एका पातळीत आणायला सांगितले.

त्याने धायटीची एक फांदी हातात धरली आणि थांबला. म्हणाला, "सायेब, कळ्या धरल्यात की ओ. म्हैनाभर थांबला असता तर?"

आम्ही म्हणालो, "पाहुणे यायचे आहेत. सगळं एका लेव्हलला आण."

श्रमिकांचे ऐकले पाहिजे, त्यांच्या हातात ज्ञान असते, असे आम्ही सभांतून पुष्कळ वेळा बोललो आहोत. त्या दिवशी त्या माणसाने मोजक्या शब्दांत आम्हांला सगळे सांगितले होते आणि आम्ही ते मस्टरवरची सही ओलांडावी तसे ओलांडले. दुपारपर्यंत कुंपण सरळ झाले. फांद्यांचे दोन भारे निघाले. करवंदीच्या कापल्या जागी पांढरा चीक आला होता. पाहुण्यांनी बागेचे कौतुक केले. 'टापटीप' हा शब्द दोघांच्या भाषणात आला.

आई ५ फेब्रुवारीला, माघ पौर्णिमेला परतली. रिक्षातून उतरून फाटकाशी उभी राहिली. नेहमीप्रमाणे तिने अडुळशाकडे हात पुढे केला. हात हवेत राहिला, कारण अडुळसा आता खाली होता. मग ती वाकली, तुटकी टोके बोटांनी चाचपली, धायटीपाशी गेली, कुंदापाशी गेली. दारापाशी आल्यावर म्हणाली, "मोगरा तेवढा बरा छाटलास." एवढेच. त्यावर ती त्या विषयावर कधी बोलली नाही.

या एका वाक्याचा अर्थ समजायला आम्हांला वर्ष लागले. तो वाचकांना इथेच सांगतो, कारण घरोघरी हीच चूक होत असते.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. म्हणून हिवाळ्यात त्याचे पाणी तोडतात, डिसेंबर-जानेवारीत त्याला छाटतात, बुडाशी माती हलवून खत देतात आणि मग पाणी सुरू करतात. त्यातून जे कोवळे फुटवे येतात त्यांच्या टोकांना मार्चपासून कळ्या लागतात. मोगऱ्याला जानेवारीतली कातर मानवते. कुंदाचे तसे नाही. कुंदाच्या कळ्या हिवाळ्यातच फांदीच्या टोकांना गुच्छांनी येतात. टोक कापले की गुच्छ गेला. अडुळशाची पांढरी, आत जांभळट रेघा असलेली फुले फांदीच्या शेंड्याशी कणसासारख्या तुऱ्यात येतात. तिथेही तेच. करवंदीची चांदणीसारखी पांढरी फुले फांद्यांच्या शेवटास येतात; ती गेली की एप्रिलमधली लोणच्याची हिरवी करवंदे गेली आणि मे महिन्यातली काळी करवंदेही गेली. धायटीच्या लांब, वाकलेल्या, जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर आदल्या पावसाळ्याच्या लाकडावरच फुलांचे झुपके येतात. म्हणजे आम्ही जे कापून गाडीत भरले, ते त्या झाडांचे सबंध वर्ष होते.

बी.कॉम.ला असताना भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक आम्ही पाठ केला होता. पावसाळ्यात वाढलेली फांदी हे झुडपाचे भांडवल. फुले हे त्यावरचे उत्पन्न. उत्पन्न हातात यायला पंधरा दिवस असताना आम्ही भांडवलच रद्दीत काढले, आणि तेसुद्धा ताळेबंद नीटनेटका दिसावा म्हणून.

त्या फाल्गुनात बाग गप्प होती. दर वर्षी धायटीवर शिंजीर, म्हणजे चिमणीहून लहान तो बाकदार चोचीचा सूर्यपक्षी, सकाळपासून झोंबत असे. धायटीच्या नळीसारख्या फुलाच्या बुडाशी गोड रस असतो, तो त्याला हवा असतो. तो त्या वर्षी एक-दोनदा आला, तारेवर बसला आणि गेला. अडुळशावरच्या मधमाश्याही नव्हत्या. आपल्याच जिल्ह्यातले महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्याचा आम्हांला केवढा अभिमान. पण मधमाशीला माघ-फाल्गुनात खायला काय लागते, हा विचार आमच्या डोक्यात आला नव्हता.

त्याच दिवसांत आई एकदा म्हणाली, "डावीकडलं धुरकाट दिसतंय." आम्ही म्हणालो, "मोतीबिंदू असेल. ३१ मार्च होऊ दे, मग दाखवू." एप्रिलमध्ये लेखापरीक्षण आले. मे महिन्यात लग्नसराई. दाखवले जूनमध्ये. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की हा मोतीबिंदू नसून काचबिंदू आहे आणि दोन्ही डोळ्यांत पुष्कळ पुढे गेला आहे. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून मागची नस मरत जाते आणि गेलेली दृष्टी येत नाही. औषधाने उरलेली जपायची. तो गाजावाजा न करता येतो. आधी कडेचे दिसणे कमी होते, समोरचे शाबूत असते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही.

तेव्हा आम्हांला उमगले की गेली दोन-तीन वर्षे आई फाटकापासून दारापर्यंत अडुळशावरून हात फिरवत का येत होती. आम्हांला वाटे, झाडांचे कौतुक करते आहे. कौतुक असेलही. पण कडेचे दिसत नव्हते म्हणून ती कुंपणाच्या आधाराने चालत होती. तो आधारही आम्ही लेव्हलला आणला होता. आणि आणखी एक गोष्ट. आईला थोडेफार स्वच्छ दिसत होते, असा शेवटचा माघ २०२३ चा. त्या माघातली फुले आम्ही दोन भारे करून फेकली.

त्या रात्री आम्ही आईजवळ जाऊन बसलो. काय बोलावे सुचेना. शेवटी म्हणालो, "आई, तुझी बाग मी मारली."

आई म्हणाली, "आरं, धायटी वणव्यात जळती, तरी बुडातनं फुटती. तुज्या कातरीला ती भिती व्हय?"

डोंगरात दर वर्षी वणवे लागतात हे आईने लहानपणापासून पाहिलेले. बुडख्यातून फुटणाऱ्या झाडांवर तिचा विश्वास होता. आमचा तोपर्यंत फक्त तारखांवर होता.

त्या पावसाळ्यात आम्ही कातरीला हात लावला नाही. आई पायरीवर बसून सांगे आणि आम्ही करू. कुंदाच्या बुडाशी पाणी साचू देऊ नको. अडुळशाची एखादी आडवी फांदी वाटेकडे वळव, तोडू नको. वाळलेले लाकूड तेवढे काढ. ऑक्टोबर सरला तशी झाडांची वाढ थांबली. नोव्हेंबर-डिसेंबरात आई आमचे बोट धरून कुंदाच्या टोकावर नेई आणि विचारी, "काय लागतंय?" आम्हांला आधी काहीच लागत नसे. मग एके दिवशी बारीक, लवदार, तांदळाच्या दाण्याएवढे काही बोटाला लागले. चाळिशी ओलांडल्यावर आम्ही प्रथमच कळी फुलायच्या आधी पाहिली, तीही डोळ्यांनी पाहण्याच्या अगोदर बोटांनी.

२०२४ च्या माघात फुले आली. फार नव्हती. करवंदीने वरच्या दोन फांद्यांवर चांदण्या दाखवल्या, धायटीवर एका बाजूलाच झुपके होते. आईला तेव्हा नळीतून पाहावे तेवढे दिसे. कुंदाचे फूल ती नाकाशी धरल्यासारखे डोळ्यापुढे धरून पाही आणि म्हणे, "हाय पांढरं." थेंब चालू होते. त्यांनी घसरण मंदावली, पण थांबली नाही.

त्याच सुमारास शेजारच्यांच्या फाटकावरची बोगनवेल पेटल्यासारखी फुलली होती. आईला तिचा रंग तेवढा कळे. मुलगी अकरावीला, जीवशास्त्र घेतलेली. तिने आजीला सांगितले की बोगनवेलीचा जो रंग आपण फुलांचा समजतो तो फुलांचा नसून भोवतीच्या कागदासारख्या पानांचा असतो, आणि खरे फूल मधले बारीक, पांढरे. पाणी जास्त दिले तर ती नुसती पाने वाढवते, पाणी कमी केले की फुलते. मग नावाची गोष्ट निघाली. १७६६ ते १७६९ या काळात बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच कप्तानाने जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या मोहिमेत कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याला ही वेल मिळाली आणि तिला कप्तानाचे नाव दिले गेले. कॉमर्सनचा मदतनीस म्हणून एक जण डोंगरदऱ्यांतून झाडपाल्याचे ओझे वाहत असे. तो मदतनीस पुरुषाच्या वेषातली बाई होती. जान बारे तिचे नाव. मजुराची मुलगी. स्त्रियांना जहाजावर बंदी होती, म्हणून तिने वेष बदलला होता. जगाला फेरी घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिची नोंद आहे. तिच्या नावाने एका वनस्पतीचे नामकरण झाले ते थेट २०१२ साली.

आई सगळे ऐकून म्हणाली, "म्हंजी वाहिलं बाईनं आन् नाव सायबाचं."

मुलगी आजीकडे पाहत राहिली. आम्ही एसटीतून मांडीवर आणलेल्या त्या फडक्यातल्या रोपाची आठवण काढली. आमच्या घरावरच्या पाटीवर नाव आमचे आहे.

२०२५ चा माघ भरभरून आला. दोन पावसाळ्यांची फांदी झाडांवर होती. कुंद पहाटे पायरीवर सांडू लागला. अडुळशाचे तुरे वाटेवर झुकले आणि आमच्या कचेरीच्या शर्टाला मधमाश्या लागू लागल्या. करवंदीचा वास रात्री खिडकीतून येई. आईला आता फक्त उजेड आणि सावली कळते. तरी ती दाराबाहेर येताच कुंदाकडे तोंड वळवी, करवंदीशी थांबे, अडुळशावर हात ठेवून फाटकापर्यंत जाई. वासाने आणि हाताने तिला चारही झुडपे ओळखता येत होती. मोगऱ्याला वेळ होता, पण त्याच्या फुटव्यांची कोवळीक ती बोटांनी पाहून घेई.

राहिली धायटी. धायटीला वास असा नाहीच. तिचे सगळे वैभव रंगाचे. फाल्गुनात एका सकाळी आईने विचारले, "धायटी आली का रं?"

आम्ही म्हणालो, "आली आई. सगळी लाल झाली आहे."

"शिंजीर?"

"दोन आहेत."

ती गप्प झाली. लाल म्हणजे किती लाल, हे तिला आता आम्ही सांगावे, आणि ते सांगायला आमच्याजवळ शब्द नव्हते. मग आम्ही उठलो, एक झुपका तोडला, त्यातले एक फूल वेगळे करून तिच्या हातात दिले. तिने ते बोटांत फिरवले, देठाकडची बाजू शोधली आणि लहान मूल करते तसे ओठांत धरून चोखले. डोंगरात सरपणाला गेलेली पोरे असेच करतात. तिच्या चेहऱ्यावर जे आले त्याला आम्ही समाधान म्हणत नाही. ती एवढेच म्हणाली, "हाय तशीच हाय." मग तिने हात पुढे केला, आणखी एक फूल मागून घेतले आणि आमच्या हातावर ठेवले. "तू बी खाऊन बघ. येवढा मोठा झालास, कधी खाल्लं न्हाईस."

खरेच खाल्ले नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, बागेसाठी बंगला लागत नाही. चार फुटांची पट्टी, नाहीतर गॅलरीतला एखादा मोठा डबाही पुरतो. अडुळसा घरात असावा. खोकल्याच्या औषधांत वापरले जाणारे ब्रोमहेक्झिन हे या अडुळशातल्याच व्हॅसिसीन या द्रव्यावरून तयार झाले. मोकळी जागा असेल तर करवंद लावा, पाखरांना आणि पोरांना दोघांना खाऊ मिळतो. छाटणीचे मात्र आमच्याकडून शिका, कारण आम्ही ती किंमत देऊन शिकलो आहोत. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटावा. कुंद फुले संपल्यावर, साधारण मार्चअखेरीस. अडुळसा तुरे वाळल्यावर. करवंद फळे उतरल्यावर, पावसाच्या तोंडाला. बोगनवेल बहर ओसरल्यावर. धायटीचे वाळलेले लाकूड तेवढे काढावे, बाकी तिला तिच्या मनासारखे वाढू द्यावे. माघ-फाल्गुनात फुलणाऱ्या झुडपाला फुलण्याच्या आधी कातर लावू नये, हा ठोकताळा लक्षात ठेवला तरी पुरे. आणि झाडाशी काम करणारा माणूस "थांबा" म्हणाला, तर थांबावे.

दुसरी विनंती डोळ्यांची. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर पाहताना डोळ्यातला दाबही तपासून घ्या. घरात आई-वडिलांना काचबिंदू असेल तर मुलांनी नक्कीच. आम्ही आता दर वर्षी तपासतो. घरातली वडीलधारी माणसे भिंतीला, कठड्याला, कुंपणाला हात लावून चालू लागली तर कौतुकाने पाहत बसू नका, विचारा. आणि ते काम ३१ मार्चनंतरवर टाकू नका.

कचेरीत मार्च एंडिंग आजही तसेच आहे. बिले तशीच, धावपळ तशीच. फक्त फाल्गुनात आम्ही एक दिवसाची किरकोळ रजा टाकतो. अर्जात कारण लिहितो, 'घरगुती काम'. साहेबांनी एकदा विचारले, "ऐन मार्चमध्ये कसलं हो घरगुती काम?" आम्ही म्हणालो, "साहेब, आईला धायटी दाखवायची असते." त्यांना काय समजले कोण जाणे. रजा मंजूर झाली.